लेम्बर्गर ट्रॉकनबरोबर जेवायला काय करू?

नेकारकाठ | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,
आम्ही जर्मनीत हाइलब्रॉनजवळच्या एका गावात राहतो. खालच्या मजल्यावर घरमालक आजी-आजोबा, दोघंही पंच्याहत्तरीच्या पुढचे. दिवाळीत त्यांना फराळाचं ताट दिलं होतं. दोन दिवसांनी आजोबा ताट लख्ख घासून वर घेऊन आले, आणि ताटात आडवी ठेवलेली लाल वाइनची एक बाटली! त्यांच्या भावाच्या द्राक्षबागेतली 'लेम्बर्गर ट्रॉकन' (लेम्बर्गर ही द्राक्षाची जात). आजोबा या वयातही दर शरद ऋतूत तिथं तोडणीला जातात. ताट रिकामं परत करायचं नसतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मला खरंच भरून आलं.

आता येत्या शनिवारी दोघांना जेवायला बोलावलंय आणि तीच बाटली उघडायची आहे. बेत होता मटणाचा तांबडा रस्सा, मसालेभात, कोशिंबीर आणि शेवटी पुरणपोळी. पण गेल्या महिन्यात दुकानातून अशीच एक लेम्बर्गर आणून कोल्हापुरी चिकनबरोबर प्यायलो होतो. तोंडाची आग आग झाली आणि वाइन नुसती कडू, लोखंडासारखी लागली. आजोबांच्या घरच्या वाइनची तशी गत व्हायला नको. मग काय करावं? आजी-आजोबा सगळं खातात, पण तिखट बेताचंच. आम्ही बीफ खात नाही.

---

मसालाडबा | रविवार, रात्री ९.५८

आधी बाटलीचं लेबल नीट वाचा. वर्ष कोणतं आहे?

---

नेकारकाठ | रविवार, रात्री १०.०५

२०२०. अल्कोहोल १३ टक्के. खाली एक लांबलचक नंबर आहे.

---

प्रयोगशाळा | रविवार, रात्री ११.२०

तो नंबर म्हणजे सरकारी तपासणीचा क्रमांक. इथली प्रत्येक क्वालिटेट्सवाइन, म्हणजे दर्जाचा शिक्का असलेली वाइन, चाखून आणि तपासून मगच बाजारात जाते. त्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे तपासणीचं वर्ष सांगतात. तुमच्या बाटलीवर २२ असेल, तर बहुतेक ती पिंपात बराच काळ मुरलेली आहे. तशी असेल तर तिला मोठं जेवण झेपेल.

मी माइन्त्सला खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. 'ट्रॉकन' म्हणजे ड्राय, गोड नसलेली. कायद्यानं लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर चालते. वाइनमध्ये आंबटपणा पुरेसा असेल, म्हणजे साखरेपेक्षा २ ग्रॅमहून जास्त कमी नसेल, तर ९ ग्रॅमपर्यंतही चालते. त्याच्या वर 'हाल्बट्रॉकन', म्हणजे अर्धी ड्राय. 'फाइनहेर्ब' या शब्दाला मात्र कायद्यात व्याख्याच नाही. साधारण अर्धगोड वाइनवर तो लिहितात. नवीन माणूस तिथंच फसतो.

आता तुमचं कोल्हापुरी चिकन. रेड वाइनमध्ये टॅनिन असतं. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी ओढल्यासारखी होते, किंवा फार उकळलेला कोरा चहा जसा लागतो, ते टॅनिन. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. त्यात मिरचीनं आधीच तोंड पोळलेलं, आणि अल्कोहोलनं मिरचीची आग आणखी भडकते. अशा तोंडाला फळाची चव लागतच नाही, उरतो तो कडू-तुरटपणा. वाइन वाईट नव्हती आणि चिकनही वाईट नव्हतं. दोघांची गाठ चुकीच्या दिवशी पडली.

लेम्बर्गरला काय आवडतं? मांसातली चरबी आणि प्रथिनं, कारण टॅनिन त्यांना चिकटतं आणि मऊ होतं. व्यवस्थित मीठ. भाजलेला, खरपूस कांदा. काळी मिरी. आणि जेवणात थोडा आंबटपणा. आंबट पदार्थाबरोबर कमी आंबट वाइन पाणचट लागते, पण लेम्बर्गरच्या अंगातच आंबटपणा असतो, ती टिकते.

पुरणपोळी तेवढी वाइनच्या घोटाबरोबर देऊ नका. गोडावर ड्राय वाइन नुसती आंबट लागते. जेवण आटोपू द्या, ग्लास उचला, मग पोळी, दूध, तूप.

---

कराडचीकाकू | सोमवार, सकाळी ७.१५

प्रयोगशाळा, फार छान समजावलंत. जांभळाचं उदाहरण एकदम पटलं. वाचनखूण साठवली.

---

पुणेतीस | सोमवार, सकाळी ९.३०

मला एक पटत नाही. पाहुणे तुमच्याकडे मराठी जेवण जेवायला येतायत ना? मग तांबडा रस्सा तांबडाच असू दे. वाइनसाठी आपल्या रश्श्याचा रंग उडवायचा हे काही बरोबर नाही. रश्श्याबरोबर पाणी किंवा ताक द्या, वाइन आधी चकली-शेंगदाण्यांबरोबर उघडा. दोन्हींचा मान राहील.

---

मसालाडबा | सोमवार, सकाळी ९.४४

चकलीला जोरदार अनुमोदन. कुरकुरीत, खारट, तेलकट. वाइनला आणखी काय हवं!

---

तिसरामजला | सोमवार, दुपारी १२.१०

पुणेतीस, तुमचा मुद्दा कळतो, पण पाहुण्यांनी दिलेली वाइन चकलीबरोबर संपवून पुढे ताक द्यायचं म्हणजे आजोबांना वाटेल की यांना ती आवडली नाही. तिखट कमी केलं म्हणून जेवण मराठी राहत नाही असं थोडंच आहे? माझी आजी कोकणातली, तिच्या अख्ख्या जेवणात मिरची दोन.

नेकारकाठ, मी स्टुटगार्टला सात वर्षं आहे. या भागातलं साधं घरगुती जेवण म्हणजे 'लिन्झन मिट श्पेट्झले': मसूर, हातानं पाडलेले अंड्याचे शेवेसारखे तुकडे, आणि वर उकडलेले लांब सॉसेज. मसुरात शेवटी व्हिनेगर घालतात, आणि प्रत्येक जण ताटात वरून आणखी घालून घेतो. यासोबत इथले लोक लाल वाइनच पितात, ट्रोलिंगर किंवा लेम्बर्गर, नाहीतर दोघांचं मिश्रण. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला एकच गोष्ट आठवली: कराड-इस्लामपूरच्या ढाब्यावरचा अख्खा मसूर! मातकट चव तीच, फक्त आपला कांदा-लसूण मसाला नाही.

तेव्हा माझं मत, अख्खा मसूर करा. मसाला एक तृतीयांश, आंबटपणाला दोन आमसुलं, कांदा तांबूस नव्हे तर पार तपकिरी होईपर्यंत परता.

---

कराडचीकाकू | सोमवार, दुपारी १२.५५

तिसरामजला, तुझ्या तोंडात साखर पडो! अख्खा मसूर आमचा.
नेकारकाठ, बाळ, ऐक. कांदा तेलात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. घाई केलीस तर कडू होतो, आणि मग वाइनला दोष देशील. सुकं खोबरं वेगळं भाजून, हातानं चुरून घाल, वाटू नकोस. टोमॅटो एकच. मसाला कमी करशील तिथं काळी मिरी भरडून घाल, म्हणजे चव पांगळी होणार नाही. मसूर आख्खा राहिला पाहिजे, आमटी होता कामा नये.

---

अहरखोरे | सोमवार, संध्याकाळी ६.४०

धागा मसुराकडे गेलाय खरा, पण ड्राय जर्मन रेडचा विषय निघाला आणि श्पेटबुर्गुंडरचं नाव नाही हे कसं चालेल? फ्रेंच लोक जिला पिनो न्वार म्हणतात ती हीच. जर्मनीत लाल द्राक्षांत सगळ्यात जास्त लागवड हिची, आणि पिनो न्वारच्या लागवडीत जर्मनीचा नंबर फ्रान्स आणि अमेरिकेनंतर तिसरा.

मी बॉनला असतो. तिथून गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर आर नदीचं खोरं. द्राक्षबागा जेमतेम साडेपाचशे हेक्टर, बहुतेक लाल. काळ्या पाटीच्या दगडाचे उभे चढ, दिवसभर ऊन पितात आणि रात्री वेलीला ऊब देतात. एवढ्या उत्तरेला लाल द्राक्ष पिकतं ते त्यामुळे. चढांवरून पस्तीस किलोमीटरची पायवाट आहे, लाल द्राक्षाचं चित्र असलेल्या पाट्या बघत चालायचं. माइशॉसची सहकारी संस्था १८६८ सालची, जगातल्या सगळ्यात जुन्या द्राक्ष उत्पादक संस्थांपैकी एक. आपल्या सहकारी साखर कारखान्यांच्या गावचा माणूस आहे मी, त्यामुळे त्या दारात उभं राहिलो की घरचं वाटतं.

१४ जुलै २०२१च्या रात्री नदी चढली. खोऱ्यात १३०हून जास्त माणसं गेली. तळघरं चिखलानं भरली. महिन्याभरानं आम्ही काही जण फावडी घेऊन गेलो होतो. एका तळघरातून बाटल्या बाहेर काढत होतो, एकेक बाटली हातात घेऊन. काचेवर बोटभर वाळलेला तपकिरी गाळ, लेबल गेलेलं, बूच मात्र शाबूत. त्या बाटल्या धुतल्या नाहीत. चिखलासकट 'पुराची वाइन' म्हणून मदतनिधीसाठी विकल्या, ४० लाख युरोंच्या वर रक्कम जमली. माझ्याकडची एक अजून तशीच कपाटात आहे. उघडायचा धीर होत नाही.

जेवणाचं म्हणाल तर श्पेटबुर्गुंडर हलकी, टॅनिन कमी, चेरीसारखी आंबट. जंगली मशरूम, हरणाचं मांस, भाजलेलं बदक, मार्टिनच्या सणाचं हंस. शाकाहाऱ्यांना लोण्यात परतलेली पिफरलिंग मशरूम. आपल्याकडची भरली वांगी तिखट कमी करून केलीत तर हिच्याबरोबर फार सुंदर लागतात, मी स्वतः केलीयेत.

---

नेकारकाठ | सोमवार, रात्री ८.३०

अहरखोरे, बाटल्यांचं वाचून गप्प बसले थोडा वेळ. धन्यवाद लिहिल्याबद्दल.

---

वाइन्सबेर्ग_पलीकडे | मंगळवार, सकाळी ८.००

नेकारकाठ, तुम्ही हाइलब्रॉनजवळ म्हणजे माझ्या शेजारी! वाइन्सबेर्गला या, बसने पंधरा मिनिटं. इथली द्राक्षशेतीची शाळा १८६८ची. इथंच आउगुस्ट हेरॉल्ड यांनी १९५५ साली डॉर्नफेल्डर ही जात तयार केली. आई हेल्फेनश्टाइनर, वडील हेरॉल्डरेबे. पण खरी गंमत आजोळ-ददियाळात: आजी-आजोबांच्या पिढीत फ्रूबुर्गुंडर, ट्रोलिंगर, पोर्तुगीझर आणि तुमची लेम्बर्गर! म्हणजे डॉर्नफेल्डर ही लेम्बर्गरची नात. नाव ठेवलं इमानुएल डॉर्नफेल्ड यांच्यावरून, ही शाळा उभी राहण्यामागे त्यांचा मोठा हात होता. आधी ती फिक्या वाइनना रंग यावा म्हणून लावायचे, पुढे लोकांना तिचीच गोडी लागली.

गावावर टेकडीवर किल्ल्याचे अवशेष आहेत, वाइबरट्रॉय, म्हणजे बायकांची निष्ठा. ११४० साली राजा कॉनराड तिसरा यानं वेढा घातला. किल्ला पडल्यावर बायकांना मुभा दिली, खांद्यावर मावेल ते घेऊन निघून जा. बायका नवऱ्यांना पाठुंगळी घेऊन बाहेर पडल्या, आणि राजानं शब्द पाळला, अशी कथा सांगतात. तटाच्या खालीच द्राक्षाचे मळे.

---

मसालाडबा | मंगळवार, सकाळी ८.२०

पाठुंगळी! आमच्या ह्यांना आत्ताच वाचून दाखवलं. वजन कमी करायला लागतो म्हणाले.

---

हॅम्प्टनकर | मंगळवार, दुपारी ३.००

वर कोणीतरी ट्रोलिंगरचं नाव घेतलं. लंडनजवळ हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात एक प्रचंड वेल आहे, १७६८ साली लावलेली, अजून फळ देते. तिची जात ब्लॅक हॅम्बर्ग. तीच जर्मनीतली ट्रोलिंगर. मोठे, रसाळ मणी, खायलाच जास्त छान. ट्रोलिंगरची वाइन फिकी, हलकी असते. आमचे एक स्टुटगार्टचे स्नेही तिला कान असलेल्या बुटक्या ग्लासातून, पाव लिटरच्या मापानं देतात. चहाच्या कपासारखा धरायचा आणि हळूहळू चोखत राहायचं. त्यासाठी तिथं वेगळं क्रियापदच आहे, 'श्लोत्सन'.

---

द्राक्षबाग_निफाड | मंगळवार, रात्री १०.४५

मी निफाडचा, आमची थॉमसनची बाग. एक विचारतो, तुमच्याकडे लागवड कशी? मांडव की तारेवर?

---

वाइन्सबेर्ग_पलीकडे | मंगळवार, रात्री ११.३०

तारेवर, उभ्या ओळी. मांडव केला तर सावली पडेल, इथं ऊन वाया घालवून चालत नाही. छाटणी हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना, वर्षातून एकदा. तुमची एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी इथल्या शेतकऱ्याला सांगितली तेव्हा त्यानं कौतुकानं विचारलं, मग वेल झोपते कधी?

---

द्राक्षबाग_निफाड | बुधवार, सकाळी ६.१०

झोपू देत नाही हो आम्ही तिला, हे खरंय. काळजी वाटते कधी कधी.

---

सौम्यघोट | बुधवार, सकाळी १०.००

आम्ही घरात कोणी पीत नाही. अशा जेवणाला लहान मुलं आणि न पिणारे असतील तर काय ठेवावं?

---

तिसरामजला | बुधवार, सकाळी १०.२०

लाल द्राक्षाचा रस. बरेच वाइनवाले स्वतःच्या द्राक्षांचा रसही बाटलीत विकतात. फार गोड वाटला तर निम्मं सोड्याचं पाणी. माझ्या मुली त्याच ग्लासातून पितात आणि आमच्याबरोबर 'प्रोस्ट' म्हणतात.

---

केरसुणी | बुधवार, दुपारी १.३०

विषयांतर करते, पण या भागात जेवण आणि वाइन समजून घ्यायची असेल तर 'बेझन'मध्ये जाऊन बसा. बेझन म्हणजे झाडू. द्राक्षवाला आपल्याच घरात, गोठ्यात किंवा खळ्यात बाकडी टाकतो आणि दारावर झाडू लटकवतो. झाडू दिसला की उघडं. वर्षात चारच महिने परवानगी, चाळीसपेक्षा जास्त जागा नाहीत, वाइन स्वतःचीच. जेवणात मोजके घरगुती पदार्थ. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहतो, इथं ती दारावर चढून पाहुण्यांना बोलावते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नकळत हात जोडले.

तिथं मी माउलटाशन खाल्ले, मोठ्या चौकोनी करंज्या, आत पालक, कांदा, पाव आणि मांस. कापून, अंडं घालून तव्यावर परतलेले आणि सोबत लेम्बर्गर. बिनमांसाचेही मिळतात. लेम्बर्गर इथल्याच तव्यावर शिकलेली वाइन आहे.

---

प्रयोगशाळा | बुधवार, दुपारी ४.१५

नेकारकाठ, एक राहिलं. वाइन हीटरजवळ ठेवू नका. शनिवारी वाढण्याआधी अर्धा तास बाल्कनीत ठेवा, १६ अंशांच्या आसपास यायला हवी. २३ अंशांच्या खोलीत अल्कोहोल नाकात जाईल, आणि तिखट जेवणावर तर फारच. आणि जेवणाआधी तासभर बूच काढून जगमध्ये ओता.

---

नेकारकाठ | गुरुवार, रात्री १०.००

सराव केला! गावच्या सोसायटीची साधी लेम्बर्गर आणली आणि तीन वाट्या मांडल्या. पहिलीत तांबडा रस्सा नेहमीसारखा: पुन्हा तेच, आग. दुसरीत तोच रस्सा, तिखट निम्मं: चाललं, पण वाइन गप्प बसल्यासारखी. तिसरीत काकूंचा अख्खा मसूर. पहिल्या घोटाला मी आणि नवरा एकमेकांकडे बघतच राहिलो. काळ्या बोरांसारखी चव एकदम वर आली, आणि मागे मिरीचा हलका झणका. ती मिरी वाइनची की मसुरातली, सांगता येईना.

शनिवारचा बेत ठरला: चकली, अख्खा मसूर, मिरीचं सुकं मटण (तुर्की खाटकाकडून खांद्याचं, थोडी चरबी असलेलं), ज्वारीचं पीठ मिळालं तर भाकरी, नाहीतर पोळ्या, काकडीची कोशिंबीर. पुरणपोळी नंतर. पुणेतीस, तांबडा रस्सा एका वाटीत वेगळा ठेवते, तुमच्यासाठी.

---

पुणेतीस | गुरुवार, रात्री १०.२५

मनापासून धन्यवाद. तीन वाट्यांपुढे मी माझं म्हणणं मागे घेतो. मसूर करा.

---

नेकारकाठ | रविवार, सकाळी ११.००

काल झालं एकदाचं. सगळ्यांना सांगायचं म्हणून सकाळी आधी हेच उघडलं.

आजोबांनी जग बघितला, वास घेतला, आजींना काहीतरी पुटपुटले. २०२०चा उन्हाळा कोरडा गेला होता, मणी बारीक होते, त्या वर्षीची तोडणी त्यांना आठवत होती. चकलीबरोबर पहिला ग्लास. मग मसूर वाढला. आजींनी एक घास खाल्ला, चमचा खाली ठेवला आणि विचारलं, यात व्हिनेगर आहे का? मी आमसूल आणून दाखवलं. दोघांनी ते हातात घेऊन, उलटंपालटं करून, वास घेऊन बघितलं. आजोबांनी तुकडा तोडून चघळलाच. मटण छान झालं, पण मसूर तीनदा मागितला. तांबड्या रश्श्याची वाटी आजोबांनी हट्टानं मागून घेतली, दोन चमचे खाल्ले, डोळ्यांत पाणी आलं, आणि वाइनच्या ग्लासाकडे गेलेला हात त्यांनी आपणहून मागे घेऊन कोशिंबिरीकडे नेला.

उरलेला मसूर डब्यात घालून दिला. आत्ता डबा परत आला. आत श्वेबिशे आल्बवरच्या बारीक, हिरवट-काळ्या मसुराचं पाकीट. आजी म्हणाल्या, ही जात इथून नाहीशी झाली होती, २००६ साली सेंट पीटर्सबर्गच्या बियाणे संग्रहात सापडली आणि परत इथं रुजली.

काकू, याचा अख्खा मसूर होईल का? रात्रभर भिजवू?

---

कराडचीकाकू | रविवार, सकाळी ११.१२

न चुकता होईल. भिजवू नकोस, बारीक आहे, साल सुटेल. कुकर नको, उघड्या पातेल्यात शिजव. पंचवीस मिनिटांनी एक दाणा बोटात दाबून बघ. आणि मीठ शेवटी.